मधुमालती माजलीय? आधी पाणी बघा, मग कात्री धरा

गेटवरची वेल बाहेरून हिरवीगार, पण आत हात घातला की वाळक्या काड्यांचा नुसता भारा. छाटणीसाठी आमच्याकडे येणाऱ्या दहांतल्या निम्म्या तक्रारी हीच. वेल म्हातारी झालेली नसते, छाटणी राहिलेली असते. मधुमालती नव्या फुटव्याच्या शेंड्याला फुलते. वरवर कात्री फिरवली की नेमके तेच शेंडे उडतात आणि आतलं सरपण जागच्या जागी राहतं.

पाण्याची सोय असेल तर जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत छाटा. टँकरवर दिवस काढणाऱ्यांनी मात्र मृगापर्यंत थांबावं. जूनचे दोन चांगले पाऊस पडू द्यावेत. एप्रिल-मेमध्ये भादरायचं नाही म्हणजे नाही. सावलीत वाढलेलं खोड ४२ अंशांच्या उन्हात एकदम उघडं पडतं, साल भाजते. आम्ही आमच्याच दारातली वेल एकदा मेमध्ये कापली होती. कोवळा फुटवा आठवड्यात करपून काळा पडला.

आत बुलबुलाचं घरटं असेल तर पिल्लं उडेपर्यंत काम पुढे ढकला. हातमोजे घाला, पानं गळली तरी देठांचे बुडखे काट्यांसारखे उरतात आणि चांगलेच ओरबाडतात. आधी वाळकं सगळं काढा. काडी नखाने खरवडून बघा: हिरवी निघाली तर जिवंत. मग जुन्या खोडांना जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर, डोळ्याच्या (कोंब फुटतो त्या जागेच्या) जरा वर, तिरका काप द्या. पाण्याची खात्री नसेल तर यंदा जुन्या खोडांपैकी तिसरा हिस्साच कापा, बाकी पुढच्या दोन वर्षांत.

अंगठ्याएवढ्या जाड कापांवर बोर्डो पेस्ट (बुरशी रोखणारा लेप) लावा: १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), १०० ग्रॅम कळीचा चुना, १ लिटर पाणी. बादली प्लॅस्टिकचीच घ्या, लोखंडाची नको. आळ्यात दोन घमेली शेणखत आणि वरून पाचट. काळ्या मातीत आळं तुंबवू नका. युरियाचा मोह टाळा, नाहीतर पानंच पानं येतील. बुडातून फुटणाऱ्या धुमाऱ्यांपैकी चार-पाच दणकट ठेवा.

विजेच्या तारेवर गेलेल्या फांद्या ओढू नका. महावितरणला कळवून वीज बंद झाली की मगच आमचा माणूस हात लावील. कापलेला भारा आम्ही नेतो. दोडक्याच्या वेलाला आधार म्हणून काड्या हव्या असतील तर आधी सांगा.