अशनीचा खड्डा की ज्वालामुखीचं तोंड?

लोणारच्या काठावर उभं राहिलं की शेजारचं कुणीतरी हमखास म्हणतं, "इथे पूर्वी ज्वालामुखी होता." मागच्या खेपेला बरोबर मामेभाऊ होता. त्यानं तर हिशेबच मांडला: दख्खन म्हणजे लाव्ह्याचं पठार, खडक काळा, खड्डा गोल, आणखी काय हवं? त्याचं अर्धं बरोबर होतं. खडक लाव्ह्याचाच आहे. खड्डा मात्र लाव्ह्यानं केलेला नाही.

या गोंधळाला आपली भाषाही थोडा हातभार लावते. ज्वालामुखीचं विवर, अशनीचं विवर, चंद्रावरचं विवर, सगळ्याला शब्द एकच. (कृष्णविवरही त्याच रांगेत येऊन बसलंय, पण ते सोडून देऊ.) शिवाय 'लोणारला उल्का पडली' असं सर्रास लिहिलं जातं. उल्का म्हणजे आकाशात चमकून जाते ती रेघ. जमिनीपर्यंत पोचतो तो दगड म्हणजे अशनी.

ज्वालामुखी हे खरं तर वारूळ आहे. आतला माल बाहेर येतो, तोंडाभोवती साचतो, ढीग उंच होतो आणि तोंड माथ्यावर राहतं. म्हणून त्याच्या विवराचा तळ बहुतेकदा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वरच असतो. अशनीचं विवर म्हणजे विहिरीला लावलेला सुरुंग. नवा माल जवळपास काहीच नाही, जागेवरचाच खडक फुटून उडालेला. लोणार गावातून निघालात तर काठापर्यंत चढ किती? वीस-तीस मीटर. आणि काठावरून तळ सुमारे 150 मीटर खाली. म्हणजे तळं भोवतालच्या शिवारापेक्षा शंभरावर मीटर खोल बसलंय. खड्ड्याचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर.

दुसरी खूण पायवाटेनं उतरताना दिसते. सह्याद्रीच्या घाटात लाव्ह्याचे थर फडताळाच्या फळ्यांसारखे आडवे असतात. लोणारच्या काठाशी मात्र तेच थर उचकटून वर आलेत आणि बाहेरच्या बाजूला कललेत. भावाला थांबवून हे दाखवलं, तर म्हणाला, "ज्वालामुखीनंही आतून ढकललं असेल की."

शंका रास्त होती. कारण ज्वालामुखीचा एक प्रकार असा आहे की तो ढीग करतच नाही. तापलेला लाव्हा जमिनीखालच्या पाण्याला भिडतो, वाफेचा स्फोट होतो आणि सपाट रानात एक गोल खड्डा उरतो. जर्मनीतल्या आयफेल भागात अशी कितीतरी गोल तळी आहेत. त्यांना 'मार' म्हणतात. फोटोत लोणार आणि मार शेजारी ठेवले, तर भलेभले चुकतील.

चुकलेही. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हा अमेरिकेतला त्या काळचा मोठा भूवैज्ञानिक. 1891 मध्ये तो ॲरिझोनातल्या सव्वा किलोमीटरच्या एका खड्ड्याची तपासणी करायला गेला. भोवताली लोखंडाच्या अशनीचे तुकडे पडलेले होते. त्याचा तर्क साधा होता: एवढा खड्डा पाडणारा लोहगोळा आत पुरला गेला असेल, तर होकायंत्राची सुई हलेल, आणि काठावरचा माल खड्ड्यात मावून वर उरेल. सुई हलली नाही. माल खड्ड्याइतकाच भरला. गिल्बर्टनं निकाल दिला: वाफेचा स्फोट. गंमत म्हणजे त्याच माणसानं दोनच वर्षांत चंद्रावरचे खड्डे आघातानं झाले असं मांडलं, तेही बहुतेक खगोलज्ञ त्यांना ज्वालामुखी समजत असताना! आकाशातलं बरोबर ओळखलं, पायाखालचं हुकलं.

हुकलं ते भौतिकशास्त्रात. सेकंदाला दहा-पंधरा किलोमीटर वेगानं आलेला दगड जमिनीत रुतून बसत नाही. त्याची गतिज ऊर्जा क्षणात मोकळी होते आणि बॉम्बसारखा स्फोट होतो. दगडाचा बराचसा भाग वितळतो, वाफ होऊन जातो. ॲरिझोनाचा खड्डा पाडणारा गोळा पन्नासेक मीटरचाच असावा असा आजचा अंदाज आहे. आणि स्फोट असल्यामुळेच अशनी तिरका आला तरी खड्डा सहसा गोल होतो. चंद्रावर सगळे खड्डे गोल कसे, या जुन्या कोड्याचं उत्तरही हेच.

डॅनियल बॅरिंजर या खाणवाल्याला हे पटलं नाही. आघात झाला हे त्यानं बरोबर ओळखलं, पण लोखंड खाली आहेच या भरवशावर 1903 पासून तो भोकं पाडत राहिला. लोखंड काही सापडलं नाही.

कोडं सोडवलं अमेरिकेतल्याच युजीन शूमेकर या भूवैज्ञानिकानं. नेवाडाच्या वाळवंटात अणुचाचण्यांनी पडलेले खड्डे त्यानं बारकाईनं पाहिले होते. गोधडी उलटी टाकावी तसे काठावरचे थर उलटे पालटलेले, जुना थर वर आणि नवा खाली. ॲरिझोनातही तसंच होतं. मग 1960 मध्ये एडवर्ड चाओ आणि शूमेकर यांच्या चमूला तिथल्या वाळूच्या खडकात कोएसाइट सापडलं. ही क्वार्ट्‌झचीच, म्हणजे गारगोटीचीच, प्रचंड दाबाखाली बनणारी जात. सात वर्षांपूर्वी लोरिंग कोएस यांनी ती प्रयोगशाळेत प्रथम बनवली होती. ज्वालामुखीत उष्णता भरपूर असते, पण असा दाब येत नाही. थर कसे कललेत यावर वाद घालता येतो, कोएसाइटवर घालता येत नाही.

मग लोणारला कोएसाइट शोधायचं, झालं! पण तिथेच मेख होती. आपला बेसॉल्ट (दख्खनचा काळा लाव्ह्याचा खडक) म्हणजे क्वार्ट्‌झची चणचण असलेला खडक. ॲरिझोनात जो साक्षीदार बोलला, तो लोणारात हजरच नव्हता. दुसरा शोधावा लागला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेतली स्मिथसोनियन संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी तळ्याच्या बुडात भोकं पाडून नमुने काढले आणि 1973 मध्ये निष्कर्ष छापला. त्या खडकात मॅस्केलिनाइट होतं. बेसॉल्टमधलं फेल्डस्पार हे खनिज न वितळता, नुसत्या धक्क्यानं काचेसारखं झालं की त्याला हे नाव. त्याला वातावरणाच्या दोन लाख पटीहून जास्त दाब लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली कण जसाच्या तसा दिसतो, कडा शाबूत. आतली स्फटिकाची मांडणी मात्र विस्कटलेली.

काळाचा हिशेबही ज्वालामुखीच्या विरोधात जातो. दख्खनचा लाव्हा वाहिला सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी. लोणारचं वय तापदीप्तीच्या पद्धतीनं (तापवल्यावर खडकातून निघणारा उजेड मोजून) 52 हजार वर्षं येतं, आरगॉनच्या पद्धतीनं (खडकात साठलेला आरगॉन वायू मोजून) 5 लाख 70 हजार. हा फरक लहान नाही, पण कुठलाही आकडा घ्या, तोवर दख्खनचा लाव्हा थंड होऊन कोट्यवधी वर्षं लोटली होती.

तळ्याचं खारं, साबणी पाणी आकाशातून पडलेल्या दगडामुळे असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. पाण्याला बाहेर जायला वाट नाही, ऊन आटवतं, खडकातले क्षार साचत जातात. ज्वालामुखीच्या खोलगटातही तेच होऊ शकतं. जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत ते तपासलं गेलं आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव निघाले. हा जीवशास्त्राचा प्रांत. खड्डा कुणी पाडला याच्याशी त्याचा संबंध नाही.

मॅस्केलिनाइटची एक गोष्ट भावाला परतीच्या एसटीत सांगितली. हे द्रव्य पहिल्यांदा लोणारात सापडलं नाही. 25 ऑगस्ट 1865 ला बिहारमध्ये गयेजवळच्या शेरघाटीत एक अशनी पडला. व्हिएन्नाच्या चेरमाक या खनिजशास्त्रज्ञांना त्यात हे काचेचे कण दिसले आणि 1872 मध्ये त्यांनी त्याला ब्रिटिश म्युझियमच्या मॅस्केलिन यांचं नाव दिलं. शेरघाटीचा दगड बेसॉल्टच्या जातीचा, आणि तो आला मंगळावरून, हे कळायला पुढे शंभरावर वर्षं लागली. तिकडे लाव्ह्याच्या जमिनीवर असंच काहीतरी येऊन आदळलं, खडकाचा एक तुकडा मंगळाचं गुरुत्व सोडून उडाला, आणि तो शेवटी बिहारात येऊन पडला.

"म्हणजे लोणारसारखाच एक खड्डा तिकडे आहे," भाऊ म्हणाला, आणि मग विचारलं, "तो नेमका कुठला?"