न्यूयॉर्कमधील बांधकाम-अपघातांचे दावे का लांबतात : पार्श्वभूमी

न्यूयॉर्कमध्ये बांधकामावर जखमी झालेल्या कामगाराचा नुकसानभरपाईचा दावा तडजोडीला येईपर्यंत दोन-तीन वर्षे सहज जातात. प्रतिवादी अनेक असले किंवा प्रकरण मध्येच अपिलात गेले, तर त्याहून अधिक काळ लागतो. याचे खापर बहुधा न्यायालयांतील गर्दीवर फोडले जाते. गर्दी आहेच, परंतु विलंबाचा बराचसा भाग कायद्याच्या घडणीतच आहे आणि ही घडण सुमारे पावणेदोनशे वर्षांत थरावर थर चढत तयार झाली आहे.

पहिला थर इंग्लंडमधला आहे. १८३७ साली ‘प्रीस्टली विरुद्ध फाउलर’ या खटल्यात एका खाटकाच्या नोकराने मालकाकडे भरपाई मागितली. जादा माल लादलेली गाडी मोडल्याने त्याच्या मांडीचे हाड मोडले होते. ज्यूरीने त्याला १०० पौंड देऊ केले, पण वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय फिरवला. त्यातून पुढे असा सिद्धांत रूढ झाला की एका नोकराच्या चुकीमुळे दुसरा नोकर जखमी झाला, तर मालक जबाबदार नाही. १८४२ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याचे मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ यांनी एका रेल्वे इंजिनचालकाच्या खटल्यात हाच सिद्धांत उचलून धरला. जोडीला आणखी दोन बचाव मालकांच्या हाती होते : कामगाराने धोका जाणूनच काम पत्करले आणि अपघातात त्याचाही हलगर्जीपणा होता. परांची बांधणारा, माल वर चढवणारा आणि त्या परांचीवर उभा राहून विटा रचणारा हे तिघेही एकाच मालकाचे नोकर असल्याने बांधकामावर हा सिद्धांत विशेष जाचक ठरला. त्या काळात अशा दाव्यांचा निकाल लांबण्याचा प्रश्न फारसा नव्हता, कारण मुळात हरणारा दावा लवकर संपतो.

न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने १८८५ मध्ये परांचीच्या सुरक्षिततेविषयी कायदा केला. आजच्या कामगार कायद्याचे कलम २४०, म्हणजे बोलीभाषेतला ‘परांची कायदा’, हे त्याचेच वाढलेले रूप आहे. दुसऱ्या बाजूने, दोष कोणाचा हा प्रश्नच बाजूला ठेवून प्रत्येक जखमी कामगाराला ठरावीक भरपाई द्यावी, असा विचार बिस्मार्कच्या जर्मनीत १८८४ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १८९७ मध्ये कायद्यात उतरला. न्यूयॉर्कनेही १९१० मध्ये तसा कायदा केला; मात्र २४ मार्च १९११ रोजी राज्याच्या सर्वांत वरच्या न्यायालयाने (कोर्ट ऑफ अपील्स) तो घटनाबाह्य ठरवला. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्क शहरातल्या ट्रँगल शर्टवेस्ट या कपड्यांच्या कारखान्याला आग लागून १४६ जणांचा बळी गेला. १९१३ मध्ये राज्यघटना दुरुस्त झाली, नवा भरपाई कायदा १९१४ पासून लागू झाला आणि १९१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला.

हा कायदा म्हणजे एक सौदा होता. कामगाराला दोष सिद्ध न करता औषधोपचार आणि बुडालेल्या मजुरीचा काही हिस्सा मिळणार. त्याबदल्यात त्याने मालकावर दावा लावायचा नाही. सोसलेल्या वेदनांचा मोबदला या सौद्यात बसत नव्हता. कारखान्यात बहुतेक प्रकरणे येथेच मिटत, कारण तेथे मालक एकच असतो. बांधकामावर मात्र जागेचा मालक, मुख्य कंत्राटदार आणि त्याच्या हाताखालचे उपकंत्राटदार एकाच आवारात असतात, आणि जखमी होणारा बहुधा उपकंत्राटदाराचा माणूस असतो. सौदा फक्त त्या उपकंत्राटदारापुरता असल्याने इतरांवर दावा लावण्याची वाट खुली राहिली. कलम २४० मधील १९६९ च्या दुरुस्तीने ती आणखी रुंद केली : प्रत्यक्ष देखरेख असो वा नसो, उंचीवरील कामाच्या सुरक्षिततेची जबाबदारी जागेचा मालक आणि मुख्य कंत्राटदार यांच्यावर आली.

या कलमाखाली जबाबदारी ठरली, की कामगाराच्या अंशतः चुकीमुळे भरपाई कमी होत नाही. इतका कडक कायदा असताना दावे झटपट मिटायला हवेत, असे वाटेल. प्रत्यक्षात भांडण फक्त जागा बदलते. शिडीवरून पडलेल्या माणसाचेच उदाहरण घ्या. शिडी वर बांधलेली होती का, कोणी ती खाली धरून उभे होते का, दुसरी धडधाकट शिडी जवळ असताना त्याने हीच का घेतली, सुरक्षापट्टा दिला असताना नाकारला का? अपघाताला एकटा तोच कारणीभूत होता, असे दाखवता आले तर प्रतिवादी सुटतो, त्यामुळे या प्रत्येक प्रश्नावर मुकादमाची, सहकाऱ्यांची आणि सुरक्षा अधिकाऱ्याची जबानी घेतली जाते. शिवाय न्यूयॉर्कमध्ये अंतिम निकालाची वाट न पाहता मधल्या आदेशांवरही बहुधा अपील करता येते.

१९७२ च्या ‘डोल विरुद्ध डाऊ केमिकल’ या निकालाने गुंता आणखी वाढवला. कामगाराला स्वतःच्या मालकावर दावा लावता येत नसला, तरी ज्याच्यावर दावा लागला आहे त्याला त्या मालकाला खटल्यात ओढता येऊ लागले. १९९६ मध्ये विधिमंडळाने ही वाट कायद्यात नमूद केलेल्या गंभीर इजांपुरती मर्यादित केली, पण त्या मालकाकडून कंत्राटातच भरपाईची हमी लिहून घेतली असेल तर ही वाट खुली राहिली. परिणामी दावा कामगाराचा आणि झुंज मात्र तीन-चार विमा कंपन्यांची, असे चित्र वारंवार दिसते. माझ्या मते विलंबाचे सर्वांत कमी चर्चिले जाणारे कारण हेच आहे.

घाईला लावणारी तरतूदही याच काळातली आहे. १९९१ च्या एका निकालानुसार रक्कम ठरायची बाकी असली, तरी जबाबदारी निश्चित झालेल्या दिवसापासून व्याज चढते. त्याचा वैधानिक दर वर्षाला ९ टक्के आहे. त्यामुळे जबाबदारीचा आदेश हाती पडताच तोवर गप्प असलेली विमा कंपनी बोलणी सुरू करते, यात नवल नाही.

कामगाराच्या बाजूनेही थांबण्याला कारण असते. तडजोड एकदाच होते. पुढे आणखी शस्त्रक्रिया करावी लागली तरी जादा रक्कम मागता येत नाही. म्हणून प्रकृती आता याहून सुधारणार नाही, असे डॉक्टर सांगेपर्यंत जाणते वकील आकडा मांडत नाहीत. दावा लावण्याची मुदत साधारणपणे ३ वर्षांची आहे. शहर प्रशासन प्रतिवादी असेल तर मात्र ९० दिवसांत नोटीस आणि १ वर्ष ९० दिवसांत दावा लागतो.

आकडा जमला तरी भरपाई कायद्याखाली कामगाराला आधी दिलेल्या रकमेच्या वसुलीचा हक्क ती देणाऱ्या विमा कंपनीकडे असतो आणि तडजोडीला तिची संमती घ्यावी लागते. ही संमती मिळून हक्कसोडपत्र सुपूर्द झाले, की खासगी प्रतिवादीने २१ दिवसांत आणि शहराने ९० दिवसांत पैसे द्यायचे असतात. न दिल्यास कामगाराला व्याज आणि खर्चासह हुकूमनामा नोंदवून घेता येतो.