आरएसी आणि वेटिंग: स्टेशनवर जायचं की घरीच थांबायचं?

गणपती जवळ आले की ठाण्यात कोकणातला माणूस भेटल्याबरोबर विचारतो, "तिकीट झालं का?" उत्तर येतं, "आरएसी आहे," किंवा "वेटिंग आहे, होईल कन्फर्म." दोन्ही उत्तरं एकाच सुरात दिली जातात, आणि ऐकणाराही दोघांना सारखाच धीर देतो. खरं तर आरएसीवाल्याला (आरएसी म्हणजे रिझर्व्हेशन अगेन्स्ट कॅन्सलेशन) गाडीत चढायचा हक्क आहे आणि ई-तिकिटावरच्या वेटिंगवाल्याला तो नाही. हे ठाऊक नसल्यामुळे दरवर्षी माणसं सामानसुमान घेऊन फलाटावर येतात आणि टीसीशी हुज्जत घालत बसतात.

आरएसी म्हणजे बसायची जागा पक्की, झोपायची नाही. भाडं मात्र पूर्ण. चार्ट, म्हणजे गाडी सुटण्याआधीची प्रवाशांची अंतिम यादी, लागल्यावर मोबाइलवर आरएसी, एस 4, 23 असं काहीतरी दिसतं. त्याचा अर्थ एस 4 डब्यातला 23 नंबरचा साइड लोअर बर्थ. स्लीपरमध्ये 7, 15, 23, 31 असे आठा-आठाच्या अंतराने हे बर्थ येतात. मधली पाठ खाली पाडली की बर्थ, उभी ठेवली की समोरासमोर दोन खुर्च्या. तो तुमच्या एकट्याचा नसतो, दुसऱ्या खुर्चीवर आणखी एक आरएसीवाला असतो. दिवसा धावणाऱ्या मांडवीला आरएसी मिळालं तर बिनधास्त जा, खिडकीशी बसून प्रवास छान होतो. रात्रीच्या कोकणकन्येला मात्र दोघांनी पाय कुठे पसरायचे हा प्रश्न पहाटेपर्यंत सुटत नाही. सोबत म्हातारं माणूस असेल तर याचा आधी विचार करा.

वेटिंग ही नुसती रांग. कुणी तिकीट रद्द केलं की रांग पुढे सरकते, वेटिंगचं आधी आरएसी होतं आणि मग कन्फर्म. तिकिटावर दोन आकडे असतात. पहिला तिकीट काढलं तेव्हाचा, दुसरा आजचा. बघायचा तो दुसरा. त्याआधीची अक्षरंही बघा. जीएनडब्ल्यूएल (जनरल वेटिंग) असेल तर आशा जास्त. पीक्यूडब्ल्यूएल (पूल्ड कोटा) किंवा आरएलडब्ल्यूएल (रिमोट लोकेशन), म्हणजे मधल्या स्टेशनांसाठीचं वेटिंग, असेल तर कोटाच छोटा, त्यामुळे आकडा लहान दिसला तरी तो हलता हलत नाही. तत्काळच्या वेटिंगला आरएसीची पायरीच नाही. झालं तर थेट कन्फर्म.

चार्ट लागला की दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. ई-तिकीट पूर्णपणे वेटिंगवरच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं आणि पैसे खात्यात परत येतात. ते दाखवून डब्यात चढलात तर विनातिकीट धरतात: गाडीभाडं अधिक किमान 250 रुपये. खिडकीवर काढलेलं वेटिंग तिकीट आपोआप रद्द होत नाही, त्याचे पैसे खिडकीवर जाऊनच घ्यावे लागतात. ते घेऊन जनरल डब्यातून जाता येतं, स्लीपर किंवा एसीत बसता येत नाही. "खिडकीचं तिकीट आहे, चालतं" हे अजूनही खूप जण सांगतात. ऐकू नका.

पैशांच्या बाबतीत आरएसीवाल्यानेच जास्त सावध राहायला हवं. वेटिंगचं रद्द होतं तसं आपलंही होईल, असं धरून माणूस घरी थांबतो आणि सगळं भाडं बुडतं. आरएसी हे प्रवासाला वैध तिकीट आहे, त्यामुळे जायचं नसेल तर गाडीच्या ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधीपर्यंत ते स्वतः रद्द करावं लागतं. त्यातही चार्ट लागताना ते कन्फर्म झालं असेल तर ही अर्ध्या तासाची सवलत उरत नाही. म्हणून जायचं की नाही हे चार्टच्या आधीच ठरवा.

कुटुंबासाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. चौघांचं ई-तिकीट एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकावर, असेल आणि त्यातलं एक जरी कन्फर्म किंवा आरएसी झालं, तर उरलेले वेटिंगवाले रद्द होत नाहीत. त्यांची नावं चार्टवर येतात आणि सगळ्यांना चढता येतं, बर्थ मात्र मिळतील तेवढेच. तीच चार तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर आईचं कन्फर्म आणि मुलाचं रद्द, असं होऊ शकतं. एका पीएनआरवर सहा जण बसतात, तेव्हा शक्यतो एकत्रच काढा.

आणि आरएसी घेऊन ठाण्याला चढलात तर लगेच टीसीच्या मागे लागू नका. पुढे पनवेलला चढणारे बरेच असतात, तोवर कुठला बर्थ रिकामा राहणार हे त्यालाही सांगता येत नाही. रिकाम्या बर्थवर पहिला हक्क आरएसीवाल्यांचाच असतो, तोही नंबराप्रमाणे. पनवेल सुटलं की तिकीट आणि ओळखपत्र हातात घेऊन विचारा.