कुत्र्याची वाढलेली नखे एकदाच खोलवर कापावीत का?

कुत्र्याची फार वाढलेली नखे एकाच वेळी मुळापर्यंत कापावीत, थोडे रक्त आले तरी बिघडत नाही, उलट त्यामुळे आतला जिवंत भाग मागे सरतो, असा समज अनेक वर्षे सांगोवांगी चालत आला आहे. तो चुकीचा आहे, आणि मुक्या जिवाला विनाकारण वेदना देणारा आहे. नखाच्या आतल्या या भागात रक्तवाहिन्यांबरोबर मज्जातंतूही असतात. तो कापला गेला की तीव्र कळ येते आणि पुढच्या वेळी कुत्रा पंजाला हातही लावू देत नाही.

नख वाढते तसा हा भागही लांबतो, आणि तो मागे सरतो तो रक्त काढल्याने नव्हे, तर टोक वारंवार थोडे थोडे कमी केल्याने. म्हणून दर आठ-दहा दिवसांनी एक-दोन मिलिमीटरच कापावे. पांढऱ्या नखात गुलाबी भाग दिसतो, त्याच्या अलीकडेच थांबावे. काळ्या नखात तो दिसत नसल्याने पातळ चकत्या काढत जावे आणि कापलेल्या पृष्ठभागाच्या मध्यभागी करडा किंवा गडद ठिपका दिसताच हात आवरावा. कात्री धारदारच हवी, कारण बोथट पाते नख चिरडते. पुढच्या पायाचे अंगठ्याचे नख जमिनीला टेकत नसल्याने झिजत नाही, ते विसरू नये.

चुकून रक्त आलेच तर कॉर्नफ्लोअर लावून काही मिनिटे दाबून धरावे. नख वळून मांसात रुतले असेल, तर मात्र पशुवैद्यांकडेच न्यावे.