टॅपेट कव्हरला आरशासारखी झिलई

ओतीव ॲल्युमिनिअमचे टॅपेट कव्हर (इंजिनच्या माथ्यावरचे झाकण) किंवा इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनला हवा पोचवणाऱ्या नळ्यांचा भाग) घरी चमकवता येते, पण खरे काम पॉलिश पेपरचे आहे. बफ, म्हणजे कापडाचे किंवा धाग्याचे फिरणारे चाक, शेवटची झिलई देतो. खोल ओरखडा त्याने जात नाही, उलट भोवतालच्या चकाकीत तो जास्तच उठून दिसतो.

आधी धातू ओळखा. काही गाड्यांची कव्हरे मॅग्नेशिअमची असतात. आतल्या बाजूला थोडे खरवडून व्हिनेगरचा थेंब टाका. लगेच बुडबुडे आले तर ते मॅग्नेशिअम. त्याची भुकटी पेट घेते आणि पाणी मारले की आग आणखी भडकते, म्हणून ते घरी घासूच नये.

तेलकटपणा काढायला कॉस्टिक सोड्याचा क्लीनर नको. ॲल्युमिनिअमवर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर असतो. सोडा तो विरघळवतो, मग खालचा धातू खातो आणि हायड्रोजन सुटतो. मिश्रधातूतले सिलिकॉन आणि तांबे मात्र काळ्या थराच्या रूपाने मागे उरते.

ओतकामाची खरबरीत साल 80 किंवा 120 नंबरच्या पेपरने काढा. पुढे 180, 240, 320, 400, 600, 800. दर नंबरला घासण्याची दिशा काटकोनात बदला, म्हणजे आधीच्या नंबरचे ओरखडे आडवे दिसतात. ते सगळे गेल्याशिवाय पुढचा पेपर हातात घेऊ नका. इथे घाई केली की बफ लावल्यावर पुन्हा 240 वर यावे लागते. 320 पासून वॉटर पेपर आणि साबणाचे पाणी वापरा. कोरडा पेपर धातूने भरतो आणि तेच कण नवे ओरखडे पाडतात. बारीक छिद्रे दिसली तर ती खोदत बसू नका, खाली आणखी निघतात.

150 मिमीचा बफ मिनिटाला 2,900 फेऱ्यांनी फिरला, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे 23 मीटर होतो. भाग बफच्या मध्यरेषेखाली धरा, कड अडकली तर तो तुमच्यापासून दूर फेकला जाईल. आधी सिसलचा (घायपाताच्या धाग्याचा) बफ आणि ट्रिपोली या घासणाऱ्या भुकटीची वडी, मग सैल सुती बफ आणि त्याहून बारीक पांढरी वडी. दोन्हींचे बफ वेगळेच ठेवा. जोर लावला की धातू तापून ओढला जातो. काळे पट्टे उठले तर वडी जास्त झाली.

डोळ्यांना गॉगल, तोंडाला एन-95 मास्क हवाच. ॲल्युमिनिअमची हवेतली बारीक धूळ स्फोटक असते. त्याच ग्राइंडरवर लोखंड घासून ठिणग्या पाडू नका.

गॅस्केट (सांधा बंद करणारी पट्टी) बसते ती बाजू टेपने झाका, तिला पेपर लावायचा नाही. कव्हरच्या आत बॅफलमागे (तेल अडवणाऱ्या पत्र्यामागे) साचलेली घासकामाची रेती तेलातून थेट बेअरिंगपर्यंत जाते आणि इंजिन खराब करते. गरम साबणपाणी, बाटलीचा ब्रश आणि हवेचा झोत वापरा. आत फिरवलेले पांढरे फडके स्वच्छ निघेपर्यंत धुवत राहा.

मेण तापलेल्या इंजिनवर टिकत नाही. कार्नोबा मेण 80 ते 86 अंश सेल्सिअसला वितळते. पारदर्शक लॅकर गुळगुळीत धातूला नीट धरत नाही आणि पुढे पिवळे पडते. त्यापेक्षा चकाकी मंदावली की मऊ कापडाने मेटल पॉलिश हातानेच फिरवावे.