आधी बसथांबा, मग वाफा

वीस-तीस कुटुंबांनी मिळून जागा घ्यायची. घरं ज्याची त्याची, पण मोठं स्वयंपाकघर, कपडे धुण्याची खोली, पाहुण्यांची खोली सगळ्यांची. सहनिवासाची, म्हणजे कोहाउसिंगची, ही आधुनिक पद्धत डेन्मार्कमध्ये रुजली. सेटेडॅमन ही तिथली पहिली वसाहत १९७२ साली उभी राहिली. एवढी माणसं एकत्र आली की 'आपली भाजी आपणच पिकवू' हे ओघानंच येतं. मग मोकळी जमीन स्वस्तात हवी म्हणून मंडळी शहराबाहेर जातात, आणि तिथेच घोळ होतो.

हिशेब करून बघा. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. लांब राहायला गेल्यामुळे लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी रोज २० किलोमीटर जास्त पळू लागली, तर कामाच्या २५० दिवसांत साडेसातशे किलोंची भर पडते. उलट कोबी किंवा कंदभाजी शेतातून दुकानात येईपर्यंत किलोमागे उत्सर्जन जेमतेम अर्धा किलो. कुटुंबानं वर्षाला ३०० किलो भाजी खाल्ली आणि ती सगळी दारातच, शून्य उत्सर्जनात पिकली (तशी पिकत नाही, पण धरून चालू), तरी वाचले दीडशे किलो! म्हणून आधी बसथांबा शोधावा, वाफ्यांचं नंतर बघता येतं.

शहरी शेतीबद्दलचा २०२४ चा एक अभ्यास तर भाबड्या उत्साहावर पाणीच ओततो. युरोप-अमेरिकेतल्या ७३ ठिकाणी पाहणी झाली, तेव्हा एकवेळच्या भाजीफळांमागचं उत्सर्जन नेहमीच्या शेतीच्या सहापट भरलं. दोष प्रामुख्यानं बांधकामाचा: लाकडी वाफे, शेड, फरसबंदी, आणि चार-पाच वर्षांत सगळं मोडीत. तोच वाफा वीस वर्षं टिकला तर त्याचा भार चौथाईवर येतो. सहनिवासाचा खरा उपयोग मला इथे दिसतो. भाड्याच्या जागेवरची बाग उद्या कुणी काढून घेऊ शकतं, ही जागा कुणी काढून घेत नाही.

दुसरा फायदा खताचा. कुजण्याची उष्णता आत कोंडून राहायला ढीग साधारण एक घनमीटरचा लागतो. तेवढा असला, ओल आणि हवा जमली, की आतलं तापमान ५५ अंशांपुढे जातं. तणांच्या बिया आणि बरेचसे रोगजंतू मरतात. एका घरच्या सालपटांचा ढीग नुसता थंड बसून राहतो. वीस घरांचा तापतो, हात घातला तर चटका बसेल इतका.

मात्र बसथांब्याजवळची रिकामी जागा बहुधा जुन्या गॅरेजची किंवा कारखान्याची निघते. जुन्या रंगातलं आणि पूर्वीच्या पेट्रोलमधलं शिसं मातीच्या वरच्या थरात दशकानुदशकं पडून राहतं. ते भाजीत फारसं शोषलं जात नाही. पानांना, बोटांना चिकटलेल्या धुळीतून पोटात जातं, आणि लहान मुलांना ते सर्वांत घातक. म्हणून माती तपासायची ती खरेदीआधी. नंतर कळलं तर बाहेरून माती आणून उंच वाफे बांधावे लागतात, आणि त्यांचा कार्बन पुन्हा त्याच हिशेबात येऊन बसतो.