ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचे वेल्डिंग आणि संक्षारण

ॲल्युमिनियमच्या जोडाला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही. त्याला बारीक खड्डे पडतात आणि पांढरी पूड धरते. मुंबईत समुद्राकडे तोंड असलेल्या गच्चीच्या कठड्यावर पावसाळ्यानंतर सांध्याच्या कडेने बोट फिरवले, की ती पूड बोटाला लागते. बहुतेकदा ती वेल्डच्या मण्यावर, म्हणजे वितळून थिजलेल्या उंचवट्यावर, नसते, मण्याशेजारच्या तापलेल्या पट्ट्यात असते. म्हणून वेल्डिंगच्या पद्धतींची तुलना करताना आधी विचारावे, की कोणत्या पद्धतीने हा पट्टा किती रुंद होतो आणि किती तापतो.

ॲल्युमिनियमला टिकवणारा ऑक्साइडचा पातळ थरच वेल्डिंगच्या आड येतो. धातू ६६० अंश सेल्सिअसला वितळतो, थर मात्र २,००० अंशांच्या वर. गॅस वेल्डिंगमध्ये हा थर फ्लक्सने, म्हणजे थर विरघळवणाऱ्या रसायनाने, फोडतात. त्या फ्लक्समध्ये क्लोराइड आणि फ्लोराइड क्षार असतात. सांधा गरम पाण्याने घासून धुतला नाही तर उरलेला फ्लक्स दमट हवेत ओला होऊन धातू खात राहतो. खाऱ्या हवेच्या शहरात ही पद्धत शक्यतो टाळावी.

कारखान्यांत ज्याला सरसकट ‘आर्गन वेल्डिंग’ म्हणतात ते टिग वेल्डिंग: आर्गन वायूच्या आवरणात, टंगस्टनच्या टोकातून ठिणगी पाडून केलेले. त्यात एसी (उलटसुलट दिशेने वाहणारा) प्रवाहच थर उडवतो, फ्लक्स लागत नाही, सांधा स्वच्छ येतो. पण काम सावकाश चालते, त्यामुळे उष्णता पसरते. मिग वेल्डिंगमध्ये टंगस्टनच्या टोकाऐवजी वितळणारी तारच आपोआप पुढे सरकते, वेग जास्त आणि बहुधा तापलेला पट्टा अरुंद; मात्र सच्छिद्रतेचा धोका अधिक. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये हायड्रोजन घट्ट धातूपेक्षा सुमारे २० पट विरघळतो आणि थिजताना बुडबुडे मागे ठेवतो. हा हायड्रोजन येतो ओलाव्यातून. जुलैत तारेचे रीळ रात्रभर उघडे राहिले तर दुसऱ्या दिवशीचा सांधा जाळीदार निघू शकतो, आणि पृष्ठभागावर उघडी पडलेली छिद्रे खारे पाणी धरून ठेवतात.

घर्षण-ढवळ वेल्डिंग १९९१ साली इंग्लंडमधील द वेल्डिंग इन्स्टिट्यूटमध्ये शोधले गेले. फिरती पिन धातू न वितळवता मऊ करून मिसळते, त्यामुळे गॅसची छिद्रे पडत नाहीत आणि धातूचे स्फटिककण बारीक होतात. तरी ते अभेद्य नाही: २०२४ आणि ७०७५ अशा क्रमांकांच्या, तांबे किंवा जस्त असलेल्या मिश्रधातूंत तापलेल्या पट्ट्यात कणांच्या सीमांवर संक्षारण होऊ शकते, म्हणजे धातू खाल्ला जाऊ शकतो. हे धातू वितळवून जोडले तर त्यांना तडेही जातात. म्हणून त्यांच्यासाठी पद्धतीची निवड खरोखर महत्त्वाची.

समुद्रकामासाठी ५०८३ हा मिश्रधातू उत्तम. मात्र त्यात मॅग्नेशियम साडेचार टक्क्यांच्या आसपास असते, आणि ३ टक्क्यांपेक्षा जास्त मॅग्नेशियमचा धातू ६५ अंशांवर दीर्घकाळ राहिला तर कणांच्या सीमांवर साका जमून तिथूनच तो खाल्ला जातो. ५०८३ जोडताना भरणतार (सांध्यात वितळवून भरायची तार) ५३५६ किंवा ५१८३ घ्यावी. सिलिकॉनची ४०४३ वापरल्यास सांधा ठिसूळ होतो. ६०६१ या मिश्रधातूला ४०४३ चालते, पण ॲनोडायझिंगनंतर (विजेच्या साहाय्याने ऑक्साइडचा थर जाड केल्यावर) सांधा काळपट दिसतो. कठड्याला ॲनोडायझिंग करायचे असेल तर ५३५६च घ्यावी.

घासायला स्टेनलेस स्टीलचा ब्रश असावा, आणि तो ॲल्युमिनियमसाठीच राखून ठेवावा. लोखंडावर चाललेला ब्रश लोखंडाचे कण सांध्यात रुतवतो, आणि पहिल्या पावसात त्या प्रत्येक कणाभोवती खड्डा पडायला लागतो.